बोटीवरच्या घराची यादी कोण करणार?

जून उजाडला की करंजाच्या खाडीकाठी हातोड्यांचे आवाज सुरू होतात. १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोटी काठाला लागतात, काही वर ओढल्या जातात, काही ताडपत्रीने शाकारल्या जातात. पावसाने जरा उघडीप दिली की द्रोणागिरीच्या पायथ्याशी नुसती धांदल. कुणी तळाला चिकटलेले शिंपले खरवडतंय, कुणी फटी बुजवतंय, कुणी इंजिन उघडून बसलंय. घराघरांत ओटीवर जाळी पसरलेली. समुद्रावरची माणसं घरी असली तरी रिकामी कधी नसतात.

बचत गटाच्या कामाने माझं तिथे जाणं-येणं आहे. या दोन महिन्यांत गटाकडे येणारे कर्जाचे अर्ज पाहिले की बोटीला काय काय लागतं ते कळतं. इंजिनाचं काम. पंख्याचा शाफ्ट. नवी जाळी. फायबरचा थर. रंग. बर्फाच्या खणाची दुरुस्ती. अर्जावर सही बाईची, हप्ता फेडणार बाई, आणि गट पुरला नाही तर गळ्यातलं गहाण पडणार तेही बाईचंच. पण यादी? यादी नाखवा, तांडेल आणि मिस्त्री यांनी मिळून केलेली. त्या यादीत मी एक गोष्ट शोधत असते आणि ती क्वचितच सापडते. ती गोष्ट म्हणजे माणूस!

तुम्ही म्हणाल, ही काय भाषा झाली? सगळं माणसांसाठीच तर चाललंय ना? मान्य. पण मैत्रिणींनो, जरा वेगळ्या बाजूने बघू या.

अलीकडे पुरवण्यांमध्ये कॅराव्हॅनची सुंदर सुंदर चित्रं येतात. गाडीला जोडलेलं किंवा गाडीतच बसवलेलं छोटंसं घर. २०२१ साली आपल्या राज्य सरकारनेही कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. परदेशात तर लोक असं घर गाडीमागे ओढत महिनोन्‌महिने भटकतात. निघण्यापूर्वी ते काय तपासतात? पाण्याची टाकी केवढी, गॅसची नळी धड आहे का, बॅटरी किती वेळ पुरेल, संडासाची सोय काय, झोपायला जागा किती, आग लागली तर विझवायचं कशाने, औषधाची पेटी कुठे. आणि ही मंडळी हौसेने फिरायला निघालेली! काही बिघडलं तर रस्त्याच्या कडेला गाडी थांबवता येते.

आता आपली बोट बघा. मासळी किनाऱ्याजवळ पूर्वीसारखी मिळत नाही, म्हणून बोटी लांब जातात. एकेक फेरी आठ-दहा, कधी बारा-पंधरा दिवसांची. आठ-दहा माणसं त्या लाकडी घरात राहतात, रांधतात, जेवतात, झोपतात, आजारी पडतात. कडेला थांबवायला तिथे रस्ता नाही. म्हणजे बोट हे नुसतं मासे पकडायचं साधन नाही, ते चालतं घर आहे. आणि घराची दुरुस्ती काढताना आपण स्वयंपाकघर, मोरी, पाणी, झोपायची जागा बघितल्याशिवाय राहू का? मग या घराच्या वेळी ते कोण बघतं?

माझं म्हणणं एवढंच आहे. बोटीच्या दुरुस्तीच्या यादीत माणसांच्या राहण्याच्या आणि जीव वाचवण्याच्या गोष्टी पहिल्या हव्यात, आणि त्या लिहायचा हक्क, किंबहुना जबाबदारी, घरातल्या बाईने घ्यावी. कारण घर चालवायचं कसं, हे तिला शिकवावं लागत नाही.

पाण्यापासून सुरुवात करू. माणशी रोज चार लिटर फक्त पिण्याला धरले, तर दहा माणसांना बारा दिवसांत ४८० लिटर लागतात. भात-आमटीचं पाणी वेगळं. आपण लग्नघरात माणसं मोजून पाणी भरतो. बोटीवर मात्र टाकी आहे तेवढी आहे, असा हिशेब. ती टाकी आतून वर्षातून एकदा तरी घासली जाते का? झाकण घट्ट बसतं का? टाकीतून पाणी काढायला तोटी आहे की वरून डबा बुडवतात? उलट्या-जुलाब झालेला माणूस किनाऱ्यापासून दीड-दोन दिवसांच्या अंतरावर असला तर काय होईल, याचा विचार करा आणि मग टाकी घासायला सांगा. खर्च जवळजवळ शून्य.

दुसरी गोष्ट गॅसची. ही तर आपल्या हातातली विद्या. रबरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, हे आपल्याला एजन्सीवाल्याने दहा वेळा सांगितलेलं असतं. बोटीवरची नळी कधी बदलली, विचारून बघा! शिवाय एक महत्त्वाचं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दार-खिडकी उघडून निदान बाहेर जायला वाट मिळते. बोटीत गळला तर तो खाली उतरतो आणि तळाशी साचून राहतो. तिथेच इंजिन, तिथेच बॅटरी. एक ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडर वर, मोकळ्या हवेत, उभा आणि घट्ट बांधलेला हवा, आणि चहा झाला की खालचा खटका बंद. आग विझवायचं लाल नळकांडं नुसतं टांगलेलं नको, भरलेलं हवं. त्यावर भरल्याची तारीख असते, ती वाचता येईल अशी आपल्या घरात एक तरी शिकलेली मुलगी आहेच ना?

अशीच एक हवा मासळीच्या खणात तयार होते. फेरी संपल्यावर खणात राहिलेलं मासळीचं पाणी सडलं की त्यातून विषारी वायू निघतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायूचं प्रमाण वाढलं की नाकाला तो वास कळेनासाच होतो, हे अधिक भयंकर. साफ करायला उतरलेला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. म्हणून खण आधी बराच वेळ उघडा टाकायचा, पंख्याने हवा खेळवायची, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि दोराचं टोक वरच्याच्या हातात. आत कुणी पडलाच तर मागोमाग उडी घ्यायची नाही, दोराने ओढायचं. हे पाठ करून घ्यायला पैसे लागत नाहीत.

आता जरा अवघड विषय. संडास. बायकांनी उघड्यावर जायला लागू नये म्हणून आपण गावोगाव बोललो, भांडलो, घरोघरी संडास बांधून घेतले. आपल्या पुरुषांनाही तो प्रश्न असेल, हे मात्र आपल्याला सुचलंच नाही. कितीतरी बोटींवर आजही माणूस कडेला बसतो. रात्रीची वेळ, लाटेचा हेलकावा, ओली फळी, सगळे झोपलेले. पडला तर सकाळपर्यंत कळायचं नाही. बोटीच्या मागच्या अंगाला चार फळ्यांचा आडोसा, धरायला लोखंडी कडी आणि एक दिवा एवढं केलं तरी भागतं. आणि रात्री कडेला जाणाऱ्याने दुसऱ्याला उठवून जायचं, हा नियम. लाज वाटते म्हणून हे कुणी मिस्त्रीला सांगत नाही. मग आपण सांगू या.

झोपायच्या जागेचंही तसंच. इंजिनाच्या डोक्यावर, धुरात, एकमेकांना चिकटून. बोटींवर आता परराज्यांतून आणि नेपाळातून आलेले खलाशी असतात. त्यांच्या बायका-आया इथे नाहीत. त्यांच्या वतीने कोण बोलणार? "खलाशी दरसाल बदलतात, त्यांच्यासाठी कुठं खर्च करायचा?" असं मी ऐकलं आहे. मला वाटतं, ज्याच्या हाताच्या कष्टावर आपलं घर चालतं, त्याला कोरडी, हवेशीर जागा देणं हा उपकार नाही. शिवाय न झोपलेला माणूस रात्रीच्या पाळीला डुलक्या काढतो. समोरून येणारं जहाज त्याला दिसणार कसं?

जहाजांवरून आठवलं. १९८९ पासून आपल्या शेजारी न्हावा-शेव्याचं मोठं बंदर आहे, पलीकडे मुंबई बंदर. जहाजांची ये-जा अखंड. एवढ्या मोठ्या जहाजावरून अंधारात लहान बोट दिसते ती तिच्या दिव्यांमुळे. डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. हे दिवे लागतात का, त्यांच्या काचांवर मीठ बसून त्या आंधळ्या झाल्यात का, हे पुसून बघायला हवं. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी आणि दिवे-वायरलेसची वेगळी असली, तर एक बसली तरी दुसरी साथ देते. आज एक लहानसं सौर पॅनेल टपावर बसवलं तर तीही सोय होते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते एका योजनेची सुरुवात झाली. देशभरातल्या एक लाख बोटींवर इस्रोच्या तंत्राने बनवलेले ट्रान्सपॉन्डर बसवण्याची ती योजना. किनारा सुटला की मोबाइलची रेंज जाते. हे यंत्र उपग्रहामार्फत संकटाचा निरोप पाठवतं, आणि किनाऱ्यावरून वादळाचा इशाराही बोटीपर्यंत पोचवतं. आपल्या बोटीवर ते बसलं आहे का? बसलं असेल तर चालू आहे का, की वायर काढून ठेवली आहे? विचारा. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर तर केबिनमध्ये रंगानेच लिहून घ्या.

आणि सगळ्यात शेवटी, खरं तर सगळ्यात आधी, लाइफ जॅकेट. "असतात हो ताई, पोलीस बघतात म्हणून ठेवायलाच लागतात," एका नाखवीणबाईंनी मला सांगितलं. कुठे असतात? तर केबिनच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून, वर तांदळाची गोणी. बोट उलटायला लागली की ती गोणी उचलायला वेळ मिळणार आहे का?

२६ जुलै २०२५ चा दिवस करंजात कुणी विसरलेलं नाही. खांदेरीजवळ इथली एक बोट खवळलेल्या समुद्रात उलटली. आठ जण होते. पाच जण तास न्‌ तास पोहत किनाऱ्याला लागले. तिघे गेले. त्या घटनेत कुणाचा दोष काढायचा माझा अधिकार नाही, इच्छा तर त्याहून नाही. गेलेल्यांच्या घरी जाऊन आलं की शब्द सुचत नाहीत. पण समुद्र आपल्याला तयारीला वेळ देत नाही, एवढं त्यातून शिकायला हवं. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं तेही ऐन हंगामात. मासेमारीला गेलेले कोकणातले अनेक जण परत आले नाहीत. आता वादळाचे इशारे लवकर मिळतात हे खरं, पण इशारा मिळून परत फिरणारी बोटही धड असावी लागते.

पुरुषांचं म्हणणंही मी ऐकलं आहे, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. जॅकेट घालून जाळं ओढता येत नाही, दोरात अडकतं, उकडतं. बरोबर आहे. पण आता पातळ, अंगाला अडचण न करणारी, पाण्यात पडल्यावर फुगणारीही जॅकेटं मिळतात. आणि चोवीस तास घाला असं कोण म्हणतंय? रात्रीच्या पाळीला, वारा वाढल्यावर, कडेला जाताना घाला. बाकी वेळी हाताला येईल अशी खुंटीवर टांगा. उन्हाने पट्टे कुजतात, बक्कल तुटतं, तेव्हा दरवर्षी एकदा तपासा.

दुसरं म्हणणं पैशांचं. डिझेल महाग, मासळी कमी, डिझेलवरच्या कराचा परतावा हातात यायला वेळ, व्यापाऱ्याची उचल डोक्यावर. हे सगळं मला गटाच्या वह्यांतून दिसतं. म्हणूनच मी मोठ्या सुधारणा मागत नाही. वर लिहिलेल्या यादीतल्या निम्म्या गोष्टी साबण, ब्रश, दोर आणि थोडी शिस्त यांत होतात. उरलेल्यांसाठी एक साधा नियम करता येईल. दुरुस्तीच्या दर शंभर रुपयांतले दहा माणसांसाठी बाजूला. इंजिनाचं काम दोन महिन्यांत उरकायचं असतं तसंच हेही. यंदा जॅकेटं, पुढच्या साली आडोसा आणि टाकी, त्याच्या पुढच्या साली दिवे.

इथे आपल्या बचत गटांना फार मोठं काम करता येईल. घर बांधायला बँक कर्ज देते तेव्हा नकाशा मागते ना? मग बोटीसाठी कर्ज मागायला आलेल्या बहिणीला आपण एक कागद द्यावा. त्यावर दहा प्रश्न. जॅकेटं किती, माणसं किती? गॅसची नळी कोणत्या सालची? औषधाची पेटी आहे का? अडवणूक करायला नाही. तिला घरी जाऊन विचारता यावं म्हणून. "गटाने विचारलंय" म्हटलं की तिच्या तोंडून निघालेला प्रश्न भांडण होत नाही, कामाचा होतो.

औषधाच्या पेटीचं निघालं म्हणून सांगते. ती भरणं हे तर सर्वस्वी आपलं काम. मलमपट्टी, जंतुनाशक, तापाची गोळी, जुलाबावर मीठ-साखरेची पुडी. तांडेल पन्नाशीचा असेल, बीपीची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर फेरीच्या दिवसांपेक्षा चार दिवसांच्या जास्त गोळ्या. शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो हात-पाय बुडवून ठेवला की वेदना उतरते. मग किनाऱ्याला आल्यावर डॉक्टर आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. हे चार ओळींत लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा, आणि खलाशांना समजेल अशा हिंदीतही लिहा.

आणखी एक कागद मात्र बोटीवर नाही, घरात ठेवायचा. फेरीला निघालेल्या प्रत्येकाचं नाव, गाव, घरच्यांचा फोन आणि रक्तगट. खलाशी बदलले की कागद बदलायचा. वेळ आलीच तर पहिला प्रश्न "बोटीवर कोण कोण होतं?" हाच असतो, आणि त्याचं उत्तर शोधण्यात तास जातात. त्याच वेळी विम्याचंही बघून घ्या. पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांच्या अपघात विम्याची तरतूद झाली. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास पाच लाख रुपये, आणि हप्ता सरकारचा. पण त्यासाठी नाव नोंदलेलं लागतं. आपल्या माणसाचं आणि खलाशांचं नाव त्यात आहे का, आणि ते चालू आहे का, हे सोसायटीत जाऊन बायकांनी विचारायला काय हरकत आहे? कागदपत्रं तर घरात आपणच सांभाळतो.

मला कल्पना आहे, मासेमारीच्या बोटीवर बाईने पाय ठेवू नये अशी समजूत अजून काही घरांत आहे. त्या श्रद्धेला मी धक्का लावत नाही. बोटीवर चढा असं माझं म्हणणंच नाही. पण यादी तर ओटीवर बसून करता येते! भाऊच्या धक्क्यावर, ससून गोदीत पहाटे चारला उभं राहून मासळीचा भाव ठरवणाऱ्या या बायका. व्यापाऱ्याशी हुज्जत घालून पाच रुपये जास्त वसूल करणाऱ्या. त्यांना आपल्याच बोटीबद्दल बोलायला भीती कसली? "त्यातलं आपल्याला काय कळतंय" असं म्हणून आपण गप्प बसतो. इंजिनातलं नसेल कळत. पाणी, चूल, झोप, औषध, आग यांतलं तर आपल्यापेक्षा जास्त कुणाला कळतं?

बोटीच्या पंख्याजवळ, शाफ्टवर जस्ताचा एक तुकडा लावतात. खाऱ्या पाण्यात तो स्वतः झिजत जातो आणि पंखा वाचवतो. आपल्या बायकांची सवयही अशीच. दागिना गहाण ठेवायचा, हप्ते फेडायचे, काळजीने झुरायचं आणि बोलायचं नाही. पण त्या झिजलेल्या जस्तालाही मिस्त्री दर वर्षी विचारतो, बघतो, बदलतो. आपल्याला कुणी विचारायची वाट का बघायची?

बंदी उठायला आली की रंग वाळलेला असेल, पताका लागतील. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देताना आपण आपल्या माणसांचं रक्षण मागतो. मागायलाच हवं. पण दर्याकडे मागण्याआधी आपल्या हातात जे आहे ते करून झालेलं असावं. तेव्हा यंदा नारळ आणायला बाजारात जाल, त्याच फेरीत गॅसची नळी आणि औषधाची पेटीही घेऊन या. आणि घरी आल्यावर नाखव्याला शांतपणे विचारा, "माणसं किती चाललीत? जॅकेटं कुठं टांगलीत?"